पुरावा निवडायला कोण शिकविणार?

(यवतमाळ जिल्ह्यातील विज्ञान-शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आपल्या शाळांतील प्रयोगवहीची चार घरे आपणा सर्वांना पाठ आहेत : साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाचा तक्ता पुस्तकातच आखून दिलेला असतो. विद्यार्थ्याने फक्त आकडे भरावयाचे, आणि तेही बहुधा शेजाऱ्याच्या वहीतून! परंतु विज्ञानातील खरे बौद्धिक श्रम त्या तक्त्याचे रकाने ठरविण्यात असतात. मोजण्याजोग्या गोष्टी असंख्य. त्यांतील कोणती हाती घेतलेल्या प्रश्नाचा पुरावा ठरते आणि कोणती नुसती माहिती राहते, हे स्वतः ठरविण्याची संधी आमच्या मुलाला दहावीपर्यंत क्वचितच मिळते.

ही उणीव केवळ परीक्षेपुरती असती तर मी आपला वेळ घेतला नसता. २०१७ सालच्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पडले, कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. शासनाने विशेष तपास पथक नेमले. मोनोक्रोटोफॉसवर बंदी घालावी, अशी शिफारस पथकाने केली, हे नमूद केले पाहिजे. परंतु अधिकृत विवेचनात दोषाचा मोठा वाटा फवारणाऱ्यांच्याच पदरी पडला. त्यांनी मुखपट्टी बांधली नव्हती, हातमोजे घातले नव्हते, असे सांगण्यात आले.

हे विधान खोटे नव्हते. पण ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते? आमचा मजूर २०१५ सालीही उघड्या तोंडाने फवारीत होता आणि त्याआधीही. विषबाधा तेव्हाही होत होत्या. परंतु मृत्यूंची अशी रांग लागली नव्हती. जी गोष्ट दरवर्षी सारखीच असते, ती एकटी त्याच वर्षीच्या उद्रेकाचे कारण कशी ठरेल? मग त्या वर्षी निराळे काय होते, ते शोधणे आले. पऱ्हाटी अनेक शेतांत माणसाच्या उंचीला पोचली होती, म्हणजे फवारा छातीच्या खाली न राहता नाकातोंडाशी येत होता. बोंडअळी बीटी वाणालाही जुमानीत नव्हती, म्हणून फवारण्या वाढल्या. दोन-तीन औषधे एकत्र कालविली जात होती. बॅटरीवर चालणारे जोरदार पंप आले होते. (विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, हेही वर्गात बोलण्यासारखे आहे.) यांपैकी कोणत्या गोष्टीचा वाटा किती, हे बसल्या जागी सांगता येणार नाही. त्यासाठी पुरावा लागेल, आणि तो कसा निवडावा हे आठवीच्या मुलाला निश्चित समजते.

आजारी पडलेल्यांचीच यादी केली तर ती अपुरी पडेल. त्याच शिवारात, त्याच आठवड्यात फवारणी करूनही जे धडधाकट राहिले, त्यांनाही तेच प्रश्न विचारले पाहिजेत : औषध कोणते, दिवसाला पंप किती, पीक किती उंच, वारा कोणीकडचा. दोन्ही गटांत जे सारखे निघेल ते बाजूला ठेवावे. जिथे फरक दिसेल तिथे थांबावे. मजुरी पंपामागे ठरलेली असेल तर ‘दिवसाला पंप किती’ हा रकाना पोटाशी जोडलेला आहे, हे मुलांना सांगावे लागत नाही. ती त्याच घरांतून येतात.

हीच कसोटी आत्महत्यांच्या आकड्यांना लावावी. कारणांची चर्चा निघाली की दारूचे नाव हमखास पुढे येते. पण त्याच गावातील जिवंत शेतकऱ्यांत दारूचे प्रमाण किती, हे ठाऊक नसेल तर त्या नोंदीला पुराव्याचे मोल नाही. आणि एक लाखाच्या मदतीसाठी ‘पात्र’ व ‘अपात्र’ अशी विभागणी होते, तिच्यात सातबारा आणि कर्ज हे रकाने सरकारने आखले आहेत. जिच्या नावावर सातबारा नाही अशी कसणारी स्त्री त्या तक्त्यात शेतकरी ठरणे कठीण. तक्ता कोणी आखला, हा प्रश्न विज्ञानाइतकाच राजकारणाचाही आहे.

मात्र आपल्या बाजूच्या घोषणेलाही हीच चाळणी लावली पाहिजे. ‘कंपनीच्या विषाने मारले’ हे वाक्य सभेत टाळ्या घेते, पण न्यायालयात ते सिद्ध करावे लागते. यवतमाळच्या पीडितांनी सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडमध्ये दाद मागितली. कंपनीने आपल्या उत्पादनाशी संबंध नाकारला. अशा वेळी कोणत्या दिवशी कोणता डबा उघडला होता, याला महत्त्व येते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराचे काम रोखतात. रक्त तपासले की ते कळते. परंतु ही पातळी काही आठवड्यांत सावरू लागते. वेळेवर रक्त तपासले नाही, रिकामा डबा धुऱ्यावर फेकला, की पुरावा नाहीसा होतो. त्यानंतर उरते ती मुखपट्टीची गोष्ट, कारण ती कोणालाही कधीही सांगता येते.

विदर्भातील शाळा जूनअखेर उघडतात आणि जुलैपासून फवारण्यांना जोर येतो. तेवढ्या अवधीत वर्गाने रकाने ठरवावेत. प्रत्येक रकाना का हवा याचे कारण मुलाने तोंडी द्यावे, आणि कारण देता आले नाही तर तो खोडावा. फवारणी चालू असताना मुलांना शेतात नेऊ नये. संध्याकाळी घरी विचारणे पुरेसे आहे. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. गावातला कृषी केंद्राचा दुकानदार पुष्कळदा शाळेच्या समितीवरही असतो, आणि ‘औषध कोणत्या दुकानातून आणले’ हा रकाना त्याला रुचणार नाही. तो रकाना ठेवावा की गाळावा, हे मुख्याध्यापकांनी एकट्याने ठरवू नये. तेही वर्गातच ठरू द्यावे.