न भरणारी जखम आणि नवे उपचार
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



प्रकाश, वीज, ध्वनिलहरी यांनी चिघळलेल्या जखमा भरतात म्हणे, त्याबद्दल चार शब्द सांगा, अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली. माझी पुष्कळ वर्षे रुग्णालयात मलमपट्टी करण्यात गेली, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा.

ही कल्पना आजकालची नव्हे. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार केल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६७ साली बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांनी उंदरांच्या भादरलेल्या पाठीवर मंद लेसर सोडला, तो तेथे केस लवकर उगवले. पुढे त्यांनी तो माणसांच्या व्रणांवर वापरून पाहिला. विजेचे म्हणाल, तर ताज्या जखमेत शरीराचा स्वतःचाच अतिसूक्ष्म प्रवाह वाहत असतो आणि नव्या पेशी त्याच्या रोखाने सरकतात. बाहेरून दिलेली सौम्य वीज त्यालाच हातभार लावते. मधुमेह्यांच्या पायावरील व्रणांसाठी आघातलहरींच्या एका यंत्राला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पण ही सारी यंत्रे नेहमीच्या उपचारांच्या जोडीला वापरायची, त्यांच्याऐवजी नव्हे. आणि सर्वांचा पुरावा सारखाच भक्कम आहे, असेही नाही.

खरी गोम निराळीच आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांवर उपचार करीत. त्या रोग्यांचे मांस मुळातच वाईट, म्हणून ते झडते, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले की, मांस चांगलेच असते. पाय बधिर, दुखत नाही, म्हणून माणूस जखमेवर चालतच राहतो. तोच पाय प्लास्टरमध्ये ठेवून त्यावरचा भार काढला की व्रण भरून येई. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाची गत तीच. वीस मिनिटे यंत्राखाली पाय धरायचा आणि घरी येऊन दोन तास ओट्याशी उभे राहायचे, मग बिचाऱ्या यंत्राने काय करावे? (आणि आपल्या घरांत "बस जरा" म्हणणारे असते कोण!)

तेव्हा यंत्राचे पैसे मोजण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: पायाला रक्त नीट पोहोचते का? साखर आटोक्यात आहे का? मेलेले मांस काढले का? पायावरचा भार कसा उतरवायचा?

आणि कृपा करून या उपचारांना "शेक" समजू नका. तो मंद लेसर ऊबसुद्धा लागू देत नाही. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावली, तर पाय भाजतो आणि बाईला ते चादरीवरचा डाग पाहून कळते.

रोज रात्री जमिनीवर आरसा ठेवून तळपाय पाहावा. मऊ एम.सी.आर. रबराची चप्पल मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे.