ताजमहाल हॉटेल : वैभव आणि त्याचा हिशेब



मुंबईचे ताजमहाल हॉटेल हा समाजवादी व्यासपीठावरील विषय कसा, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु एखाद्या शहराचे अर्थकारण समजून घ्यावयाचे तर तेथील चाळींइतकाच तेथील प्रासादांचाही अभ्यास करावा लागतो. ज्या वास्तूत लक्षावधींना कधी पाऊल ठेवता येणार नाही, ती त्यांना आपली का वाटते, हा माझा आजचा प्रश्न आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळू लागली. त्या साथीच्या छायेतच जमशेटजी टाटांनी अपोलो बंदरावर हे हॉटेल उभारले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी ते उघडले. विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की स्नानगृहे अशा सुखसोयी देशोदेशींहून आणल्या होत्या. आराखडा मात्र सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरे केले डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजाने. शेजारचे ‘गेटवे ऑफ इंडिया’ पूर्ण झाले ते १९२४ साली. साम्राज्याच्या कमानीपूर्वी दोन दशके एका भारतीय उद्योगपतीची वास्तू तेथे उभी होती, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे.

वॉटसन हॉटेलात जमशेटजींना प्रवेश नाकारला गेला व त्या अपमानातून ताज जन्मास आले, ही कथा सर्वश्रुत आहे. अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका घेतली आहे. तथापि लोकांना ती हवीशी का वाटते, हे अधिक महत्त्वाचे. गोऱ्यांच्या क्लबांतील वर्णभेद काल्पनिक नव्हता. त्या अवमानाची परतफेड झाल्याचे समाधान या कथेत आहे. पण वर्णाचा अडसर निघाला तेथे पैशाचा अडसर आला, हे ती कथा सांगत नाही.

या वैभवामागील भांडवल कोठून आले? जमशेटजींच्या संपत्तीचा पाया कापसाच्या व्यापारात आणि गिरणीधंद्यात होता. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तेथे त्यांनी १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. तरीही सूत कातणारे हात आणि झुंबराखाली बसणारी माणसे यांची गाठ क्वचितच पडली.

पहिल्या महायुद्धात हेच हॉटेल सहाशे खाटांचे रुग्णालय बनले होते. वास्तूचा उपयोग कोणासाठी करावयाचा, हा शेवटी समाजाच्या निर्णयाचा प्रश्न असतो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात पाहुण्यांना वाचविताना तेथील कर्मचाऱ्यांनी प्राण दिले. हॉटेलचा लौकिक संगमरवरावर नव्हे, तर अशा माणसांवर उभा असतो.

आता या प्रश्नाचे आजचे रूप पाहा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. पुढे गिरण्या बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीने पुनर्विकसित होणाऱ्या गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले : एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. बांधकामाखालची जमीन वगळली गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे, पंचतारांकित हॉटेलही आहे. परदेशी सत्तेचा दरारा झुगारणारी वास्तू म्हणून जुन्या हॉटेलाला थोडे श्रेय देता येईल. कामगारांच्या वाट्याच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या या नव्या वैभवाला ते कशाच्या आधारे द्यावे?

मित्रहो, सौंदर्याशी आपले वैर नाही. ताजचा घुमट समुद्रावरून पाहताना कामगारालाही आनंद होतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. मात्र आपण पाहण्याच्या हक्कावर समाधान मानू नये. गिरण्यांच्या जमिनीतून शहराला किती मैदाने मिळाली, कामगारांना किती घरे मिळाली, किती वारस अजून प्रतीक्षेत आहेत, याचा जमीनवार हिशेब शासनाने जाहीर करावा, अशी मागणी आपण येथून केली पाहिजे. वैभवाचे कौतुक करण्याचा अधिकार त्या हिशेबानंतरच आपल्याला पोहोचतो.