जास्त पगाराची नोकरी चालून आली तर



नऊ वर्षांची नोकरी सोडून जास्त पगाराच्या जागी जावे की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत कधी ना कधी येतोच. वडीलधारी म्हणतात, हातची भाकरी सोडू नये. तरुण नुसता आकडा पाहतो. दोघांनाही माझी विनंती, आधी कागद-पेन्सिल घ्या.

नव्या पत्रातल्या वार्षिक आकड्यात बहुधा मालकाचा प्रॉव्हिडंट फंडाचा हिस्सा आणि ग्रॅच्युइटीही मिळवलेली असते. तेव्हा महिन्याला हातात काय पडेल ते स्पष्ट विचारा; त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कायम नोकरास ग्रॅच्युइटी साधारणतः सलग पाच वर्षे भरल्यावर मिळते. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये असतील, तर 26 ने भागून 15 ने गुणायचे. दर वर्षाचे 15,000 झाले. नऊ वर्षांचे 1,35,000 तुमच्याबरोबर येतील. नव्या जागी मात्र मोजणी पहिल्यापासून. तिथून तीन वर्षांत पुन्हा उठलात, तर त्या तीन वर्षांचे सहसा काहीच नाही.

फंडाचे अधिक जपा. 1995 च्या पेन्शन योजनेत पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. खाते नव्या जागी वर्ग केले तर दोन्हीकडची वर्षे जोडली जातात. नवव्या वर्षी पेन्शनचा भाग काढून घेतला, तर ती नऊ वर्षे हिशेबातून गेली! एका वर्षासाठी हे होऊ देऊ नका.

नेमणूकपत्र हातात पडल्याशिवाय राजीनामा नको. नोटिशीचे दिवस मोजा, आणि हा कागद घरच्या मंडळींसमोर ठेवा. महिन्याचा बाजार करणाऱ्यांना कमी-जास्त लवकर दिसते.