परदेशातील शिक्षणाची रीत

२ मार्च १९३० रोजी आपल्या नाशकात ज्यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन आणि पुढे दहा वर्षे संस्थानाची चाकरी करण्याचा करारनामा लिहून देऊन, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. त्याआधी ते जेथे शिकले त्या मुंबईस नेमलेली पुस्तके व परीक्षा यांचाच अंमल. कोलंबियात मात्र अर्थशास्त्राचा विद्यार्थी समाजशास्त्राच्या नि मानववंशशास्त्राच्या वर्गांतही बसे, आणि चर्चावर्गात विद्यार्थ्याने निबंध वाचावा व प्राध्यापकांनी तो ऐकावा, अशी उलटी वहिवाट. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या अशाच वर्गात आंबेडकरांनी जातिसंस्थेच्या उत्पत्तीवरील निबंध वाचला, आणि त्यात सेनार, रिस्ले या युरोपीय जाति-अभ्यासकांबरोबरच, कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर झालेले आपले केतकर यांचीही मते पारखून त्यांतील उणिवा दाखविल्या. पंचविशीतल्या विद्यार्थ्याचे असे करणे तेथे उद्धटपणाचे ठरत नसे. आपल्याकडे, खरे सांगावयाचे तर, ते अजूनही थोडेसे ठरते. पुढे लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्यांना निराळाच शिरस्ता आढळला: तेथील भोजनगृहात ठराविक जेवणांना हजर राहिल्यावाचून बॅरिस्टरीची सत्रे पुरी होत नसत, आणि ती जेवणे आमच्या भगूरच्या सावरकरांनाही १९०६ पासून चुकली नव्हती.