आवाज फाटला की थांबा

पत्र कऱ्हाडहून येवो, वाईहून येवो की तासगावहून, प्रश्न एकच असतो. ‘वडिलांच्या वेळचे स्पीकर अजून ठणठणीत आहेत, अ‍ॅम्प्लिफायर मात्र गेला. स्पीकरवर 80 वॅट लिहिलंय. तर नवा अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा घेऊ आणि कोणत्या कंपनीचा?’ कंपनीचं नाव आकाशवाणीवरून घेता येत नाही. काचेपलीकडं कार्यक्रमाच्या बाई आत्ताच डोळे वटारून बघतायत. आणि नाव सांगून उपयोगही नाही. दुसऱ्याच्या घरी उत्तम वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर तुमच्या स्पीकरला जुळेलच असं नाही.

म्हणून दुकानात जायच्या आधी स्पीकर फिरवा, धूळ पुसा आणि मागची पट्टी वाचा. पहिला आकडा ओहमचा बघा. 8 असेल तर बहुतेक कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर चालतो. 4 असेल तर तो जवळजवळ दुप्पट करंट ओढतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागंही ‘4 ओहम’ छापलेलं असलं तरच घ्या. एकाच जागी 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडलेत तर तेही 4 ओहमच झाले, हे विसरू नका. दुसरा आकडा डेसिबलचा, म्हणजे 1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर किती आवाज मिळतो तो. पट्टीवर नसेल तर माहितीपत्रकात असतो. 90 डेसिबलच्या स्पीकरला जिथं 10 वॅट पुरतात, तिथं 84 डेसिबलच्या स्पीकरला 40 लागतात. आणि तो 80 वॅटचा आकडा? ती स्पीकरची सोसण्याची मर्यादा. तेवढे वॅट द्यायलाच पाहिजेत असं काही नाही.

आता सांगतो ते मात्र लिहून घ्या. लोकांना वाटतं, मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावला की स्पीकर जळतो. दुरुस्तीच्या टेबलावर येणारे जळके ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचे छोटे स्पीकर बघा, त्यातले बरेचसे लहान अ‍ॅम्प्लिफायर ताणून जाळलेले असतात. बैठकीच्या खोलीत गाणं ऐकताना सरासरी एक-दोन वॅट खर्च होतात. पण तबल्यावर थाप पडली की त्या क्षणापुरती दहापट, वीसपट ताकद लागते. अ‍ॅम्प्लिफायरजवळ तेवढा व्होल्टेज नसला की ध्वनिलहरीचा शेंडा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. आपण म्हणतो, आवाज फाटला. त्या कापाकापीतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात आणि ते सगळे ट्वीटरच्या वाट्याला येतात. ट्वीटरची कॉईल केसाएवढ्या बारीक तारेची. ती थोडेच वॅट सोसते. त्यात 30 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरता फाटला की 60 वॅटपर्यंत ताकद ओतू शकतो!

म्हणून पुन्हा सांगतो, आवाज फाटला की नॉब मागं घ्या. ‘थोडा वेळ चालतंय की’ म्हणू नका, कॉईल जायला थोडाच वेळ लागतो. घरात हळद असते, पाहुणे जमतात आणि एखादा उत्साही भाचा नॉब शेवटपर्यंत पिळतो. वर बासची कळही पिळतो. अहो, बास 10 डेसिबलनं वाढवला की खालच्या सुरांना दहापट ताकद लागते, ती आणायची कुठून? घरचा संच अंगणासाठी नसतो. अंगणात वाजवायचं असेल तर मंडपवाल्याकडून माइकचा संच भाड्यानं आणा, आणि भाच्याला उसाचा रस पाजायला बाहेर न्या.

साधारण बैठकीची खोली आणि 87-88 डेसिबलचे, 8 ओहमचे स्पीकर असतील तर दर चॅनेलला 40 ते 60 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. हे वॅट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे असले पाहिजेत, 8 ओहमवर आणि दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना मोजलेले. खोक्यावर ‘पीएमपीओ 2000 वॅट’ छापलेलं असेल तर हसून पुढं चला. त्याच्या मागच्या पट्टीवर वीज किती ओढतो ते वाचा. प्लगमधून 60 वॅट घेणारा डबा सलग 2000 वॅट कुठून देणार?

बाकीचं थोडक्यात. वायर जाड घ्या, दीड चौरस मिलिमीटरच्या खाली नको. लाल टोक लालला, काळं काळ्याला. अ‍ॅम्प्लिफायर बंद करूनच वायर जोडा. त्याच्यावर विणलेला रुमाल घालू नका. सांगलीचा उन्हाळा त्याला आधीच पुरे असतो. व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. माइकच्या अ‍ॅम्प्लिफायरची 100 व्होल्ट लाइनची टोकं घरच्या स्पीकरला कधीही जोडू नका.

शेवटी कान. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तारेला झंकार यावा म्हणून तिथले कारागीर जवारी काढायला किती जीव ओततात, ते एकदा जाऊन बघा. दुकानात जाताना तंबोऱ्याचं एखादं चांगलं ध्वनिमुद्रण सोबत न्या. घरी ऐकता तेवढ्या आवाजात लावा, मग त्याहून थोडं मोठं करा. जवारीचा झंकार तसाच मोकळा राहिला तर अ‍ॅम्प्लिफायरजवळ ताकद शिल्लक आहे. झंकाराच्या जागी खरखर आली, तर तो तुमच्या स्पीकरला पुरणारा नाही, मग किंमत कितीही असो.

आणि हे सगळं दुकानातल्या नव्या स्पीकरवर ऐकून उपयोग नाही. स्वतःचे दोन्ही स्पीकर रिक्षात घालून न्या. दुकानदार कुरकुरला, तर दुसरं दुकान गाठा.