दिघीच्या घरात गाणं रेकॉर्ड करताना

राजपुरी खाडीच्या तोंडाशी वसलेल्या दिघीत कोळीगीत असो की गौरी-गणपतीतलं नाचाचं गाणं, ते घरच्या घरी नीट रेकॉर्ड करता येतं. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, माइक, हेडफोन, एवढ्यावर काम सुरू होतं. कंडेन्सर माइकला बहुधा इंटरफेसवरचं 48 व्होल्टचं बटण दाबावं लागतं. पण इथल्या दमट, खाऱ्या हवेत मी डायनॅमिक माइकच सुचवेन. तो दणकट असतो.

सगळ्यांत जास्त छळते ती घूंऽऽ अशी गुणगुण. आपली वीज 50 हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलं की तिची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये उतरते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण थांबली, तर दोष चार्जरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये असेल; दोन्ही वायरमनकडून तपासून घ्या. अर्थची पिन मात्र कधीही तोडू नका, तो जिवाशी खेळ आहे. खरखर येत असेल, तर आधी केबल बदलून बघा. पिनांवर हिरवट थर दिसला, तर सगळं बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. काम आटोपलं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात पुड्या वरचेवर बदला.