मद्रासच्या सुनीती गायतोंडे



‘आवडलेल्या एका माणसाविषयी बोला’ असं आयोजकांनी सांगितलं, तेव्हा मी कॉम्प्युटरमधलं कुणीतरी निवडेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी निवडलंय डॉ. सुनीती सॉलोमन यांना. माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणारं मराठी घर आणि भावांमध्ये ही एकटी मुलगी. मद्रास मेडिकल कॉलेजात शिकल्या, परदेशात पॅथॉलॉजी केली, १९७३ला पतीसोबत परतल्या आणि पुढे आपल्याच कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवू लागल्या.

एड्स हा परदेशातला आजार, आपल्याकडे कशाला येतोय, अशी तेव्हा सगळ्यांची खात्री होती. सुनीतीबाईंनी निर्मला नावाच्या विद्यार्थिनीला प्रबंधासाठी नेमका हाच विषय दिला. निर्मला सुधारगृहात जाऊन वेश्याव्यवसायातल्या बायकांचं रक्त घ्यायच्या. यजमान स्कूटरवरून सोडायला जायचे. नमुने घरच्या फ्रिजमध्ये! फेब्रुवारी १९८६मध्ये ते सगळं रात्रीच्या रेल्वेने वेल्लोरला नेलं. तिथे सहा नमुन्यांचा रंग पिवळा झाला. अमेरिकेतल्या फेरतपासणीतही तोच निकाल आला. भारतात एचआयव्ही सापडल्याची ही पहिली नोंद.

एवढ्यावर जन्मभर सत्कार घेता आले असते. पण बाई प्रयोगशाळेतून उठून पेशंटसमोर जाऊन बसल्या. या पेशंटमध्ये काम करायला सुरुवातीला घरूनच विरोध होता. त्यांचं ऐकून तर घ्या, असं बाईंचं म्हणणं. १९९३मध्ये त्यांनी वायआरजी केअर ही संस्था काढली. वाय. आर. गायतोंडे म्हणजे त्यांचे वडील. तपासणी, समुपदेशन, उपचार आणि संशोधन एकाच छताखाली.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. स्थळं जुळवणारे प्रोग्रॅम आम्ही लोक लिहितो. सुनीतीबाई एचआयव्हीबाधित मुलामुलींची लग्नं जुळवायच्या. शिक्षण, घरदार यांच्याबरोबर औषध कसं लागू पडतंय, रक्तात विषाणू किती, हेही बघायचं. कुठल्याही वेबसाइटवर हा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

आणखी एक. एकाला लागण आहे, दुसऱ्याला नाही, अशा १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत मोठा अभ्यास झाला. चेन्नईत बाईंची संस्था त्यात होती आणि आपलं पुणंही होतं. २०११ला निकाल आला: औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचा धोका ९६ टक्क्यांनी कमी होतो. आपण शाळेत होतो त्या वर्षांत आपल्याही काही घरांतली माणसं गेली. ‘टीबी झाला होता’ एवढंच सांगितलं जायचं, आणि आपणही पुढे विचारलं नाही. मागे राहिलेल्या बायकांना माहेरीही वेगळी ताट-वाटी मिळाली. ज्यांना आठवायचं त्यांना आठवेल.

बाईंच्या संस्थेने पुढे सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस सीचाही अभ्यास केला. दोन्ही विषाणू एकाच सुईतून जातात. इथे मला आपलं लहानपण आठवतं. ताप आला की डॉक्टरांनी सुई टोचलीच पाहिजे, नाहीतर आजीला पैसे वाया गेल्यासारखं वाटायचं. स्टोव्हवरच्या पातेल्यातली ती काचेची सिरिंज! गर्दी असली की पाणी किती उकळत असेल, देव जाणे. हिपॅटायटिस सी वीस-वीस वर्षं लिव्हरमध्ये गुपचूप राहतो. त्यावर लस नाही, पण आता साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. अट एकच, आहे हे कळायला हवं.

२८ जुलै २०१५ला सुनीतीबाई गेल्या. आदल्याच दिवशी कलामसाहेब गेले होते, त्यामुळे ही बातमी फारशी कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. २८ जुलै हाच जागतिक हिपॅटायटिस दिन. २०१८मध्ये त्याच तारखेला सरकारने हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीमध्ये एचआयव्हीची तपासणीही फुकट होते आणि नाव गुप्त राहतं.

मी दोन्ही तपासण्या गेल्या महिन्यात करून घेतल्या. आईला सोमवारी घेऊन जाणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला गाठा, रिक्षात जागा आहे.